कचरी आणि रानम्हशींचं गवत

एका तळ्याकाठी कचरी नावाची इवलीशी पोर राहायची. आधीची दोन लेकरं गेली, म्हणून मरणाला हिची हाव सुटू नये असं नाव मायनं ठेवलं होतं. त्या उन्हाळ्यात माय तापानं पडली. चूल तीन दिवस थंड.

आता तळ्याचं ऐका, बाळांनो. पावसाळ्यात रानम्हशी वर माळावर चरतात, थंडीत काठाला येतात. उन्हाळ्यात पाणी मागं सरतं, तशा त्याच्यामागं आत आत उतरतात. ओल्या चिखलात तेवढंच पोपटी, लुसलुशीत गवत असतं. पण त्याच चिखलाखाली गावाच्या पोटाचे कमळकांदे. म्हशी ते तुडवतील म्हणून गावानं यंदा बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. म्हशी बाहेर उभ्या, बरगड्या मोजाव्यात अशा. आतला चिखल मात्र खुरांवाचून वरून वाळून दगड झाला. कुदळ शिरेना, कांदा निघेना.

एके सकाळी कचरी नखांनी तो चिखल उकरत होती. शेवटच्या गुलाबी कमळातून अंगठ्याएवढी परी निघाली, खंड्यासारखे निळे पंख झळकवत.

"दोनदा माग, बाळे. पण जे मिळेल, ते कुणाच्या तरी तोंडातलं काढलेलं असेल."

कचरीनं मायसाठी गाडगंभर पेज मागितली. स्वतः घोटही घेतला नाही. मायनं डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी एक रेडकू मरून पडलं होतं. त्याच्या आईचं दूध आटलं होतं, आणि ती त्याला चाटतच होती.

पेज कुणाच्या तोंडातली होती ते कळून कचरी रडत परीकडे गेली. त्याला उठव म्हणाली. मेलेलं उठत नाही, असं परीनं हळूच सांगितलं.

"मग त्याच्या आईला गवत दे. माझ्या तोंडातलं काढ."

"तुझ्या तोंडात आहे काय, काढायला?"

मग मागणं सोडून कचरी हातांनीच कुंपणाचे काटे ओढू लागली. तळव्यांतून रक्त आलं. तळ्यावर मासे धरणारा म्हातारा सुकरू ढिवर काठावरून ओरडला, की कांदे तुडवले तर गाव उपाशी मरेल.

"मरतोच आहोत, आजा," ती म्हणाली.

सुकरू खाली उतरला आणि त्यानं काट्यांची दुसरी फांदी धरली.

म्हशी आत आल्या. जड खुरांखाली चिखलाची खपली फुटली आणि खुराखुराच्या खळग्यात पांढरेशुभ्र कांदे वर आले.

"हे कुणाच्याच तोंडातलं नाही, बाळे," परी म्हणाली. तिच्या जागी सोनेरी उजेडाचा एक थेंब चमकला आणि पाण्यात विरला.

कचरीच्या घरची चूल पेटली. माय उठून बसली. पण पहिला कांदा कचरीनं चुलीवर ठेवला नाही. रेडकू पडलं होतं तिथं नेऊन ठेवला. त्याची आई सगळ्यांच्या शेवटी चरायला आली.