मणातले दोन शेर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नाव पुढं त्याच्या पतवंडांनाही धड आठवेना. जाऊ द्या, आपल्याला राजाशी काय करायचंय? आपली गोष्ट आहे एका लोहारणीची.

तिचं नाव सारजा. नवरा गेल्यावर भाता आणि घण, दोन्ही तिनं एकटीनं सांभाळले. कामाला मोठी वाकबगार, पण एक खोड होती. एखादी गोष्ट 'असंच असतं' म्हणून सांगितली की तिला ती पटायचीच नाही. पाटाचं पाणी वळणावरच का गढूळ होतं, तापलेलं लोखंड आधी लाल आणि मग पिवळं का दिसतं, हे विचारून विचारून तिनं गाव भंडावून सोडला होता. बायका म्हणायच्या, सारजे, तुझ्या भट्टीपेक्षा तुझे प्रश्न जास्त पोळतात. ती हसायची आणि पुढचा प्रश्न विचारायची.

तर एका वर्षी दिवाळीच्या सुमाराला तिची ऐरण तडकली. उभी तडकली, दुरुस्तीच्या पलीकडं गेली. आता ऐरणीवाचून लोहारकी करायची कशी? पाटील माणूस वाईट नव्हता, पण त्यानं स्पष्ट सांगितलं, की मृग लागायच्या आत नवी ऐरण आली पाहिजे, नाहीतर फाळांना धार लावायला शेजारगावचा लोहार बोलवावा लागेल. आणि एकदा दुसरा लोहार गावात आला की गावचं बलुतं त्याचं झालं. सारजाच्या वाट्याला मग विझलेली भट्टी तेवढी उरणार.

नवी ऐरण मिळायची ती पाच कोसांवरच्या पेठेत, सदोबाशेटच्या मोडीच्या वखारीत. मोड म्हणजे मोडकंतोडकं लोखंड. वखारीची रीत सरळ होती: मणभर मोड टाका, एक ऐरण उचला. मण चाळीस शेरांचा, आणि तो एकदमच आणायचा. अर्धामुर्धा माल कुणाचा ठेवून घ्यायचा नाही. सदोबाशेट म्हणजे देवमाणूस. आंधळ्यानं मोड आणली तरी तिथं गुंजभर इकडची तिकडं होत नाही, असं लोक सांगायचे.

सारजा कामाला लागली. तडकलेल्या ऐरणीचे तुकडे, बोथट विळे, तुटकी खुरपी, झिजलेले फाळ, गाडीच्या चाकाची एक जुनी धाव, जे मिळेल ते गोळा करू लागली. बाजाराच्या दिवशी ती दगडावर कशीबशी ठोकलेली खुरपी विकायला पेठेत जायचीच, तेव्हा त्या आठवड्याची मोड सोबत न्यायची. सदोबाशेट लहान वजनांनी ती तोलून द्यायचा, आणि ती तशीच घरी परत आणायची. जितके शेर, तितक्या कोळशाच्या रेघा भिंतीवर ओढायची. उन्हाळा सरता सरता रेघा चाळीस झाल्या. तिनं कुंभाराचं गाढव मागून आणलं, सगळी मोड लादली आणि मोठ्या आनंदात वखार गाठली.

वखारीत आढ्याला मोठा तराजू टांगलेला होता. सदोबाशेटनं तो आधी रिकामा दाखवला. दांडी अगदी सरळ. मग दोन हमालांनी कोपऱ्यातल्या पाटावरून मणाचं वजन उचलून एका पारड्यात ठेवलं, दुसऱ्यात सारजाची मोड घातली. मोडीचं पारडं वर ते वरच राहिलं. शेटनं शेजारी एक शेर ठेवला, मग दुसरा ठेवला, तेव्हा कुठं दांडी सरळ झाली.

"दोन शेर कमी आहे, बाई," सदोबाशेट म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं.

गावात आता तुटका खिळासुद्धा उरला नव्हता आणि मृग पाच दिवसांवर आला होता. पण तेवढ्यात सारजाची खोड जागी झाली. हे दोन शेर गेले कुठं?

शेट म्हणाला, गंज झडला असेल, आणि एका रात्रीपुरती मोड त्यानं तिथंच राहू दिली. ती पाच कोस घरी गेली, मोड ठेवली होती तो कोपरा झाडून काढला आणि गंजाची पुरचुंडी बांधून दुसऱ्या दिवशी परत आली. तोलला तर छटाकही भरेना. मग शेट म्हणाला, तोललं तेव्हा ओलं असेल, आता सुकलं. तिनं एक फाळ कोरडा तोलून घेतला, हौदात बुडवून पुन्हा तोलून घेतला. काटा हलला असेल नसेल. एक हमाल म्हणाला, वाटेत गाढवानं खाल्लं असेल! सगळे हसले, तीही हसली. पण हसता हसता तिनं एक विनंती केली. ही सगळी मोड पहिल्यासारखीच थोडी थोडी करून लहान वजनांनी तोलून द्या.

सदोबाशेटच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं तिला हाकलून दिलं असतं. हा मात्र मांडी घालून बसला आणि पाच-पाच शेरांच्या आठ राशी तोलून दिल्या. पाच अठ्ठे चाळीस. एक चिमूट कमी नाही की जास्त नाही.

आता वखारीतलं हसू थांबलं. सुटं तोललं तर मण पुरा, एकत्र तोललं तर दोन शेर कमी! असं कुठं असतं का? एरवी गाडीवाले गाडीभर माल आणायचे, तो मणानं तोलला जायचा. गोरगरीब टोपलीभर आणायचे, तो शेरानं तोलला जायचा. एकच माल दोन्ही तऱ्हांनी तोलून पाहायची बुद्धी आजवर कुणाला झाली नव्हती.

सारजा वजनांपाशी जाऊन उकिडवी बसली. शेराची वजनं हाताळून हाताळून गुळगुळीत, काळीभोर झाली होती. मणाचं वजन मात्र लालभडक होतं. सदोबाशेटच्या बापानं दर दसऱ्याला त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावला होता, आणि बापामागं सदोबाशेटनंही तो नेम मोडला नव्हता. वर्षावर वर्ष, थरावर थर. वजनाच्या कडा कधीच बुजल्या होत्या, वरची कडी तेवढी दिसत होती. येणारीजाणारी माणसं त्याला हात जोडायची.

तिनं विचारलं, हे कधी कुणी तोललंय का?

हमालांनी कानाला हात लावले. सदोबाशेटचा चेहरा उतरला.

"देवाला कोण तोलतं, बाई?"

"देव असेल तर तो रागावायचा नाही, शेटजी," सारजा म्हणाली. "आणि वजन असेल तर आपल्याला कळेल तरी."

ते वजन म्हणजे शेटचा बाप होता, बापाची अब्रू होती, वखारीचं नाव होतं. नको म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि पेठेतलं एक माणूस त्याला बोल लावायला आलं नसतं. उलट लोकांनी सारजालाच नावं ठेवली असती. हे तिलाही ठाऊक होतं. ती खाली मान घालून उभी राहिली. ऐरणीपेक्षाही आता तिला उत्तर हवं होतं, पण या भल्या माणसाकडून ते हिसकावून घ्यावं असं काही तिला वाटेना.

शेवटी सदोबाशेट उठला. पाय धुतले, हात जोडले. हमालांना बाजूला सारून मणाचं वजन त्यानं स्वतः उचललं, छातीशी धरून तराजूपर्यंत आणलं आणि पारड्यात ठेवलं. दुसऱ्या पारड्यात शेराशेरानं चाळीस शेर घातले.

लाल वजनाचं पारडं जागचं हललं नाही. एकेचाळिसावा शेर घातला, तरी नाही. बेचाळिसावा घातला आणि दांडी सरळ झाली.

शेटनं छिन्नी मागून घेतली. कडेनं हलकेच ठोकली तशी शेंदराची खोळ तडकली, आणि नारळाची करवंटी निघावी तशी निघून आली. आत जुनं काळं लोखंड होतं, त्यावर राजाची मोहोर जशीच्या तशी. ते तोललं, बरोबर मण भरलं. खोळ तोलली, बरोबर दोन शेर.

सदोबाशेट त्या खोळीपाशी बसला. दर वर्षी वखारीतला माल थोडा वाढीवच निघायचा, आणि त्याचा बाप म्हणायचा, देवाची कृपा. तोही तेच म्हणत आला होता. "सारजाबाई," तो म्हणाला, "चाळीस वर्षं आम्ही लोकांचं लोखंड खात होतो, आणि वर देवाचे आभार मानत होतो."

सारजाला कोडं सुटल्याचा आनंदही होता आणि त्या माणसाचं दुःखही बघवत नव्हतं. ती एवढंच बोलली, की लबाड माणसानं ते पारड्यात ठेवलंच नसतं.

त्या दिवशी गाढवाच्या पाठीवर नवी ऐरण चढली. मृगाच्या आदल्या दिवशी सारजाच्या भट्टीवर फाळांची रांग लागली, आणि सुगीला पाटलानं बलुत्याचं धान्य तिच्याच दारी उतरवलं.

इकडं सदोबाशेटनं गावोगाव दवंडी दिली, की ज्यानं वखारीत मणानं माल घातला असेल त्यानं मणामागं दोन शेर परत घेऊन जावं. चार खोटेही आले. शेटनं त्यांनाही दिलं, कारण खरे कोण हे त्याला कळणार कसं? वखार निम्मी रिकामी झाली. लोकांना वाटलं, शेट बुडाला. पण पुढच्या वर्षी वीस-वीस कोसांवरून गाड्या येऊ लागल्या, कारण आपली चूक स्वतःच्या हातानं पारड्यात ठेवणारा व्यापारी लोकांनी पहिल्यांदाच पाहिला होता. तेव्हापासून दसऱ्याला तो मणाचं वजन घासून धुवायचा, भर चौकात चाळीस शेरांसमोर तोलून दाखवायचा आणि मग त्यावर एक फूल वाहायचा.

म्हणून ध्यानात ठेवा: ज्या मापानं जग तोलायचं, त्याची पूजा खुशाल करा, पण आधी ते माप तोलून पाहा.