कातरबाईंची चिठ्ठी

माणसाला लिहिता येत नव्हतं, तेव्हाही झाडांच्या पोटात चिठ्ठ्या फिरायच्या. एका वांग्याच्या रोपात राहणाऱ्या कातरबाई, म्हणजे एक कातरच, लिहिलेल्या लांब पट्ट्या कातरून इवल्याशा चिठ्ठ्या करायच्या. चिठ्ठीवर ज्या कामाचं नाव, ते काम तिथंच थांबायचं.

"बाईंमुळे रोपाला शिस्त लागली," असं पानं म्हणाली मात्र, बाईंना भलताच चेव चढला. रोपाकडून त्यांनी आणखी कातरी घडवून घेतल्या. आता चिठ्ठ्यांचा खच पडू लागला. मुळांनी पाणी ओढणं थांबवलं, कळ्या पिवळ्या पडून गळाल्या.

"बाई, एकच कळी उरलीय हो," देठ काकुळतीला आला. "हीसुद्धा गळली तर मागे बी उरायचं नाही."

तेवढ्यात बाईंच्या पात्याखालून एक चिठ्ठी निघाली. एरवी त्या न वाचताच सोडून द्यायच्या, आज वाचली. 'नव्या कातरी घडवणं थांबवा.' आणि ती त्यांनीच कातरलेली! चुरगळून टाकावी, असं क्षणभर वाटलं. मग तिला इतर चिठ्ठ्यांसारखंच सोडून देत त्या हळूच म्हणाल्या, "जा, तूही जा."

जुन्या कातरी झिजत गेल्या, नव्या आल्या नाहीत. मुळं पुन्हा पाणी ओढू लागली. चौथ्या दिवशी ती कळी जांभळी उमलली, आणि कातरबाईंनी कितीतरी दिवसांनी आपली पाती मिटली.