सांगड आली का?

नदीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. काठावरच्या सगळ्या प्राण्यांत मिळून भोपळ्यांची एकच सांगड होती. तिच्यावरून नदी ओलांडायची आणि काम झालं की ती वडाखाली ठेवायची.

एकदा पाणी चढू लागलं आणि सशाची पिल्लं बेटावर अडकली. त्याने माकडाला सांगड आणायला पिटाळलं. माकड धापा टाकत परतलं. ते काही बोलणार तोच ससा म्हणाला, "आता वल्हं आण."

वल्हं हातात येताच, सांगड काठाला लागलीच असेल असं धरून सशाने उडी घेतली. खाली नुसतं पाणी होतं. माकडाने त्याला कान धरून बाहेर ओढलं.

"सांगड कुठंय?"

"भोपळे फुटलेत. शेजारी एक ओंडका होता. मघाशी तेच सांगत होतो, तर तुम्ही वल्ह्याला धाडलंत."

"होता म्हणजे?"

"पाणी वडाच्या बुंध्याशी पोचलंय," माकड म्हणालं. "पळा, असला तर अजून असेल."