ऐरणीवर बसलेली गुलाबबी

फार वर्षं झाली. किती ते विचारू नका, मोजणारेही गेले. पाथरडोहच्या तांबट आळीत तेव्हा उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत ठोके पडायचे. सगळ्यात गोड ठोका नागोजी तांबटाचा. त्यानं घडवलेला हंडा पावसाच्या थेंबानंही गायचा, असं म्हणतात.

त्या नागोजीचं कोपर दुखू लागलं. आळीची समजूत काय, तर दुखतंय म्हणजे हात आखडलाय, आणखी ठोका, मोकळा होईल! वा रे शहाणे! त्यानं ठोकलं, तेल चोळलं, डागही घेतला. शेवटी एक दिवस पाण्याचा तांब्या हातातून पडला. हातोडा सुटला तर आपण संपलो, या भीतीनं तो धाय मोकलून रडला.

आळीच्या टोकाला गुलाबबी पिंजारीण कापूस पिंजायची. बोट लावलं की तिला शिरेचा सूर कळायचा, असं म्हणतात. तिनं नागोजीचं कोपर चाचपलं, मग पिंजणाची जुनी तात, म्हणजे कापूस पिंजायची आतड्याची दोरी, काढून तिचा पीळ उलगडला. वरून चकचकीत, आतून नुसता भुसा!

"ही एका झटक्यात नाही गेली, लेका. रोज एकेक तंतू तुटला. रोज ताण, भरून यायला उसंत नाही, त्यात तुझी चाळिशी उलटली. तुझी शीर अशीच झालीय."

"मग हात गळ्यात बांधून बसू का, बी?"

"बांधून ठेवलास तर आणखी दुबळा होईल. दोन दिवस हलकी हातोडी, तिसरा दिवस सुट्टी. वजन हळूहळू वाढव."

पण सुट्टीच्या दिवशी शेजारचा ठोका ऐकला की नागोजीचा हात आपसूक उठायचा. गुलाबबी म्हणाली, त्या दिवशी सगळी आळीच बंद ठेवा. आळी भडकली. सात पिढ्यांत ठोका थांबला नव्हता! तेव्हा ती कापसाची पाटी घेऊन थेट ऐरणीवर मांडी घालून बसली.

"मारायचं तर माझ्या मांडीवर मारा."

बाई एक, ऐरणी बावीस. पण ज्यानं त्यानं आपल्याच ऐरणीवर तिला पाहिलं, असं म्हणतात. कुणाची छाती होणार?

चार महिने असे गेले. मग नागोजीनं मोठा हातोडा उचलला आणि पहिला ठोका घातला. तिकडे गुलाबबीच्या घरात खुंटीवरचं पिंजण कुणी हात न लावता झणाणलं. तिला शिव्या घालणाऱ्यांचीही कोपरं एव्हाना दुखायची थांबली होती, पण ते कबूल करायला त्यांना आणखी वर्ष लागलं.

गुलाबबी गेली. आजही दर तिसऱ्या दिवशी आळीतल्या प्रत्येक ऐरणीवर कापसाचा पुंजका ठेवतात. लांबून आलेलं गिऱ्हाईक कुरकुरतं, काम बंद का म्हणून विचारतं. तांबट हात पुसत सांगतो, "उद्या या. आज बी बसलीय."