वीतभर कमी पडलेला डोंगर

एकदा एका राजाला प्रश्न पडला, की आपल्या राज्यात डोंगर नेमके किती? राजांना असले प्रश्न बसल्या जागी पडतात. निस्तरायला मात्र इतरांना उन्हातान्हात हिंडावे लागते. दरबारात पंडितांचा मोठा खल झाला. टेकडी कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो, यावर घसे कोरडे पडले. अखेर ठरले ते असे: शेजारच्या मोठ्या डोंगराला जोडणारी जी खिंड असेल, तिथून माथा चाळीस पुरुष, म्हणजे एकावर एक उभ्या चाळीस माणसांइतका, उंच भरला तर तो डोंगर. त्याचे नाव यादीत जाईल आणि त्याच्या दगडाला कुणी हात लावायचा नाही. कमी भरला तर ती टेकडी. राजधानीचा नवा तट बांधायचा होता, आणि टेकड्यांचा दगड फोडायला पाथरवटांना मुभा मिळाली.

हे मोजणीचे काम एका वृद्ध गुरुजींकडे आले. सोबत त्यांचा शिष्य होता, तरुण आणि हुशार. हुशारी अंमळ जास्तच, आणि ती आहे हे त्याला ठाऊकही होते. खिंडीत काठी रोवायची, पाणसळीने, म्हणजे पाण्याची पातळी पाहून, सरळ रेघ साधायची, मग ती काठी वर न्यायची, असे करत करत माथा गाठायचा. काम किचकट. एका जागी बोटभर चूक झाली, तर वर पोहोचेपर्यंत तिची वीत होते.

हिंडता हिंडता दोघे ढवळ्या नावाच्या डोंगरापाशी आले. पायथ्याला धनगरांची वस्ती, आणि डोंगराच्या कुशीतून येणाऱ्या एका झऱ्यावर ती सगळी वस्ती जगत होती. गुरुजींचा गुडघा सुजला होता, म्हणून ते खालीच थांबले आणि शिष्य एकटा वर गेला. दुपारी तो उतरला तेव्हा वस्ती गोळा झालीच होती.

"वीतभर कमी भरला," शिष्य म्हणाला. "टेकडी."

वस्तीतली भिवराबाई पुढे आली. वयाने वाकलेली, पण जीभ अजून ताठ होती. "वीत कुणाची रं दादा? तुझी का माझी?" तिने आपला हात पसरून दाखवला. लोक हसले, शिष्यही हसला. मग ती हसायची थांबली आणि म्हणाली, "येकडाव पुन्यांदा मोज की. झरा गेला तर आमी कुठं जायाचं?"

"आजी, नियमात एकच मोजणी सांगितली आहे," शिष्य म्हणाला, आणि त्याने साहित्य आवरायला घेतले. गुरुजींनी विचारले, "नीट पाहिलंस ना?" तो "हो" म्हणाला. गुरुजींनी निकालावर सही केली आणि तो जासुदाबरोबर राजधानीकडे गेला. सारे नियमाला धरून होते. कुणी बोट ठेवावे अशी जागाच नव्हती.

पुढे महिनाभराने ते निंबाळ्याच्या डोंगराखाली पोहोचले. हे शिष्याच्या मामाचे गाव. आईवडील लहानपणी गेल्यावर मामानेच त्याला वाढवले होते. त्याचे सगळे पोरवय त्या डोंगरावर करवंदे खाण्यात गेले होते. मामाने अंगणात घोंगडी अंथरली, पाणी दिले आणि भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाच्या, तू मोजणीदार झालास आणि आमचाच डोंगर यादीबाहेर राहिला, तर मी लोकांना तोंड कसं दाखवू? बघ बाबा."

शिष्याने मोजले. वीतभर कमी भरले.

त्याने काठी पुसली, पाणसळ तपासली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. चार बोटे कमी. तिसऱ्या दिवशी तो पहाटेच निघाला. खिंडीतले गवत स्वतः कापून त्याने काठीचे बूड नेमक्या जमिनीवर टेकवले आणि दर टप्प्याला दोनदा खात्री केली. त्या दिवशी दोन बोटे जास्त भरले. तो धावतच खाली आला. "गुरुजी, डोंगर! निंबाळा डोंगर आहे!"

"नियमात किती मोजण्या सांगितल्या आहेत?" गुरुजींनी विचारले.

"एक. पण पुन्हा मोजू नये असं तर कुठं लिहिलेलं नाही ना?"

गुरुजी उठले. त्यांनी निकालावर सही केली नाही. पाणसळ पिशवीत घातली, मोजणीची काठी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि आलेल्या वाटेने उलटे चालू लागले. मामा मागून हाका मारत राहिला. शिष्य गोंधळून पाठोपाठ निघाला. "गुरुजी, कुठं निघालात? त्या बाजूची सगळी कामं उरकली आहेत."

"ढवळ्याच्या दोन मोजण्या राहिल्या आहेत," गुरुजी म्हणाले.

बस्स, एवढेच. शिष्य आधी चिडला. म्हाताऱ्याच्या डोक्यात काहीतरी भरले आहे, असे तो स्वतःशी पुटपुटला. मग त्याने काठी मागितली, ती गुरुजींनी दिली नाही. सुजल्या गुडघ्याने ते चालत होते आणि हा धडधाकट माणूस रिकाम्या हातांनी मागून. येणारेजाणारे वळून पाहत. जसजसा ढवळ्या जवळ येऊ लागला तसतशी शिष्याची चाल मंदावली, कारण गुरुजी काय म्हणाले ते त्याला आता पुरते उमगले होते आणि तिथे पोहोचूच नये असे वाटत होते.

ढवळ्या दिसला तो टक्कल पडल्यासारखा. पाथरवट येऊन बरेच दिवस झाले होते. माथ्याचा काळा खडक त्यांनी पाचरी ठोकून फोडून नेला होता आणि उरलेला चुरा उतारावरून थेट झऱ्यात घसरला होता. पाणी गढूळ झाले होते. वस्तीतली निम्मी पाले उठून गेली होती.

तरी गुरुजी खिंडीत गेले. काठी शिष्याच्या हातात देऊन म्हणाले, "मोज."

शिष्य टप्प्याटप्प्याने वर चढला. शेवटच्या टप्प्यावर काठी टेकवायला माथाच नव्हता. तो तिथे फुटक्या दगडांत उभा राहिला, आणि काठी कुठे धरावी हे त्याला सुचेना. ती वीत खरोखर कमी होती की त्याच्या हातून गेली होती, हे आता या जगात कुणालाही कधीही सांगता येणार नव्हते. त्याला इतकी लाज वाटली की खाली वस्ती होती तिकडे तोंड करवेना.

खाली उतरल्यावर भिवराबाईनेच त्याला ओळखले. गाडग्यातले निवळलेले पाणी तिने आधी गुरुजींना दिले, मग त्याला. रागावलेली दिसली नाही, आणि तेच त्याला सोसवेना.

"दादा, येक इचारू?" ती म्हणाली. "तवा पुन्यांदा मोजायला तुला काय लागलं असतं?"

"अर्धा दिवस."

"मग?"

शिष्याला खोटे बोलायचे शंभर मार्ग ठाऊक होते. नियम होता, ऊन होते, गुरुजींचा गुडघा होता. पण त्याच्या तोंडून खरेच निघाले. "पुढच्या गावी पाटलांकडे जेवण होतं."

भिवराबाईने गाडगे खाली ठेवले. "जेवलास का मग?"

"जेवलो."

"बरं झालं," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. भुकेले माणूस जेवले, हे तिला मनापासून बरे वाटले होते. शिष्य हातातले पाणी पिऊ शकला नाही.

तेव्हा गुरुजी बोलले. "अरे, तू ढवळ्याला फसवलं नाहीस आणि निंबाळ्यालाही नाही. दोन्हीकडे काठी तीच होती. पण आपल्या डोंगराचा आकडा नकोसा आला, तेव्हा तुला शंका आली, की माझंच काही चुकलं असेल. परक्याचा आकडा तसाच आला, तेव्हा ती शंका तुला शिवली नाही. माणूस आपल्यांना पुन्हा पुन्हा मोजतो आणि मनासारखं भरलं की थांबतो. परक्याला एकदाच मोजतो आणि त्यालाच न्याय म्हणतो. त्या दिवशी मी तुला 'नीट पाहिलंस ना' एवढंच विचारलं आणि सही केली. मलाही सावलीत बरं वाटत होतं." एवढे बोलून त्या वृद्धाने भिवराबाईपुढे हात जोडले.

शिष्याने निंबाळ्याच्या तिन्ही मोजण्या लिहून पाठवल्या. खाली लिहिले, की मोजणारा त्या गावाचा भाचा आहे, तरी हे काम दुसऱ्या कुणाकडून व्हावे. मामाने त्याच्याशी बोलणे टाकले. दरबाराने दूरच्या प्रांतातला एक मोजणीदार धाडला. त्या माणसाचे गावात कुणी नव्हते. त्याने आठ दिवस राहून काम केले, आणि निंबाळा दोन बोटे जास्त भरला. यादीत त्याचे नाव लागले. गावाने गुलाल उधळला, मामाचा राग पळाला, आणि त्याने भाच्यासाठी पेढे पाठवले.

शिष्याने पुडा उघडलाच नाही. तसाच गुरुजींसमोर नेऊन ठेवला.

"गुरुजी, म्हणजे माझी पहिली मोजणी वीतभर चुकली होती."

"हो."

"काठी तीच होती. हात तोच होता. ढवळ्यालाही मी तसाच मोजला होता."

गुरुजींनी होकारार्थी मान डोलावली. पुडा त्यांनीही उघडला नाही.