वस्ताद जमिनीवर का झोपले

एकदा एका व्यापाऱ्याला घर बरोबर घेऊन प्रवासाला निघावं लागलं. त्याच्या आईला कन्याकुमारीला जाऊन तीन समुद्र एका जागी पाहायचे होते. शेठनं तसा शब्द दिला होता. पण आईचे गुडघे गेलेले. लॉजचे जिने तिला चढवत नसत. म्हणून शेठनं एक मोठी मोटार विकत घेतली. तिच्यात स्वयंपाकाचा ओटा होता, वर पलंग होता, खाली लांब बाक होतं, नळाला पाणी होतं. चाकांवरचं घरच ते.

त्या घरात एक फ्रिज होता. तो गॅसच्या लहानशा ज्योतीवर चालायचा. ज्योतीतून गारवा निघतो हे ऐकून माणसं हसत. हसू देत. गोष्ट खरी आहे. वीज नसलेल्या माळावर गाडी उभी केली तरी त्या फ्रिजात बर्फ धरे. शेठला बर्फाचं कौतुक नव्हतं. आईला मधुमेहाचं इंजेक्शन लागे आणि ते औषध उन्हात खराब होतं. फ्रिज नाही तर प्रवास नाही.

आणि निघण्याच्या तोंडावर तोच फ्रिज कायमचा बंद पडला. शेठनं नवा मागवला. आता जुना काढायचा, नवा बसवायचा आणि गॅसची नळी त्याला जोडायची, हे काम उरलं.

गावाबाहेर एक वृद्ध कारागीर राहत. गॅसच्या नळ्या जोडण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांचं बोलणं थोडं. कौतुक त्याहून थोडं. त्यांच्या हाताखाली तुळशीराम नावाचा शिष्य होता. चांगला मिशा आलेला गडी, पण वस्तादांपुढे आवाज खाली. गाडी चालवायला आणि वाटेत काही बिघडलं तर पाहायला शेठनं तुळशीरामालाच सोबत मागून घेतलं होतं.

वस्ताद म्हणाले, "न्या म्हणण्याआधी एक काम. फ्रिज तुळशा एकटा बसवील. मी शेवटी बघेन. मला पटलं तर गाडी हलेल."

"आणि नाही पटलं तर?" शेठनं विचारलं.

"तर समुद्र काही कुठं पळून जात नाहीत."

तुळशीरामानं जीव लावून काम केलं. नव्या फ्रिजचं गॅस घ्यायचं तोंड जुन्यापेक्षा थोडं बाजूला होतं. त्यानं तांब्याची नळी सावकाश वाकवली, तिचं तोंड नीट फुलवून घेतलं, नट बसवला, पान्यानं आवळला. फ्रिजच्या ज्योतीला हवा बाहेरून मिळावी आणि धूर बाहेरच जावा, म्हणून मागच्या, गाडीच्या आत उघडणाऱ्या फटी बुजवल्या. साबणाचा फेस केला, जोडावर लावला, थांबून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही. ज्योत पेटवली. ती निळी आणि शांत जळली. संध्याकाळपर्यंत फ्रिज गार झाला. तुळशीराम मनातून फुलला. आज तरी वस्ताद 'शाबास' म्हणतील असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दारात सजून उभी होती. बंपरला झेंडूची माळ. शेठची आई हातात ताम्हण घेऊन खुर्चीवर बसलेली. ताम्हणात कुंकू, अक्षता, सुपारी आणि निरांजन. गाडीचं औक्षण करायचं, नारळ फोडायचा आणि निघायचं. आईनं काडेपेटी हातात घेतली, तोच वस्ताद आले.

"आई, दिवा थांबवा."

"अहो, वेळ टळून जाईल."

"टळू द्या. ते ताम्हण घेऊन रस्त्याच्या पलीकडे बसा. मी हाक मारीपर्यंत काडी ओढायची नाही."

आईला असं बोललेलं शेठला आवडलं नाही. पण वस्तादांशी वाद घालण्याची सवय गावात कुणाला नव्हती. खुर्ची पलीकडे गेली. ताम्हणही गेलं.

वस्तादांनी तुळशीरामाला विचारलं, "साबण लावलास?"

"लावला, वस्ताद. बुडबुडा नाही."

"कुठं लावलास?"

"जिथं काम केलं तिथं."

वस्तादांनी जोडाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते शेठकडे वळले आणि त्यांनी भलतंच विचारलं. "रात्री कोण कुठं झोपणार?"

"त्याचा आणि फ्रिजचा काय संबंध?"

"विचारलं ते सांगा."

"मी वर पलंगावर. आई या बाकावर."

"माणसं तीन निघणार. तुम्ही दोनच सांगितलीत."

शेठ हसला. "तिसरा तुमचाच की!"

तुळशीराम घाईनं म्हणाला, "माझं काय, वस्ताद. मी खाली वळकटी टाकून कुठंही पडेन."

"कुठंही म्हणजे कुठं?"

तुळशीरामानं बाकाच्या पायाशी, जमिनीवरची जागा दाखवली. तिथं शेठनं हौसेनं नवा गालिचा अंथरला होता.

"तुझी वळकटी आण."

वळकटी आली. वस्तादांनी ती गालिच्यावर उलगडली. मग फ्रिजची ज्योत विझवली. गाडीच्या बॅटरीची तार काढून ठेवली. खिडक्या लावून घेतल्या. तुळशीरामाला बाहेर, सिलिंडरच्या कप्प्यापाशी उभं केलं.

"सिलिंडर चालू ठेव. हात चावीवर ठेव. मी आतून ठोकलं की लगेच बंद कर. आणि दिवा, विडी गाडीजवळ येता कामा नये, कुठलं बटण दाबायचं नाही."

एवढं सांगून ते आत गेले. दार ओढून घेतलं आणि तुळशीरामाच्या अंथरुणावर उशीला डोकं टेकून चक्क आडवे झाले.

बाहेर वेळ जाऊ लागला. पलीकडून आईनं विचारलं, "काय रे, काय चाललंय?"

"वस्ताद झोपलेत," शेठ ओरडला.

"बरं नाही का त्यांना?"

"चांगले ठणठणीत आहेत. आपलं अंथरूण कसं आहे ते बघतायत." मग तो तुळशीरामाला म्हणाला, "तुळशीराम, तुझे वस्ताद घोरायला लागले तर मला सांग. मी तेवढ्यात चहा पिऊन येतो."

तुळशीरामाची मान शरमेनं खाली गेली. आपण एवढं काम केलं आणि वस्तादांनी ते पाहिलंही नाही. वर सगळ्यांसमोर हे असं. त्याच्या मनात आलं, म्हातारपण झालं, दुसरं काय. पण चावीवरचा हात त्यानं काढला नाही. एवढं शिक्षण त्याला मिळालेलं होतं.

आणि आतून जमिनीवर ठोकल्याचा आवाज आला.

त्यानं सिलिंडर बंद केला.

"आत ये," वस्तादांचा आवाज आला. "काय वास येतो?"

तुळशीराम आत जाऊन उभा राहिला. त्यानं हवा ओढून पाहिली. "काही नाही."

"माझ्या शेजारी पड."

तो संकोचला. वस्तादांच्या शेजारी तो कधी बसलाही नव्हता. मग पडला. डोकं उशीच्या कडेला टेकलं. हलका, पण स्पष्ट वास. गॅसचाच.

"ऊठ. आता?"

"आता नाही येत."

"परत पड."

"येतो, वस्ताद."

"मग चल बाहेर. दारं, खिडक्या, सगळं उघड. हा गालिचाही काढ."

गालिचा काढला तर खाली जमिनीत एक लहान जाळी होती. चुकून गॅस सुटला तर खाली निघून जावा, म्हणून गाडी बांधणाऱ्यानं ठेवलेली. गालिच्यानं तिचं तोंड बंद झालं होतं. शेठनं जाळीकडे पाहिलं, मग गालिच्याकडे. चहाला जायचंही तो विसरला.

गाडीत भरपूर वारं खेळल्यावर वस्तादांनी तुळशीरामाच्या हातात फेसाची वाटी दिली आणि सिलिंडर चालू केला. "आता फ्रिजपासून नको. सिलिंडरपासून सुरू कर. नळी जाईल तिथं तू जा."

तुळशीराम नळीमागं रांगत गेला. नळी बाहेरून आत येत होती, चाकाच्या वरून वळत होती आणि बाकाच्या पोटातून फ्रिजकडे जात होती. बाकाच्या पोटात, नेमका आईच्या उशीखाली एक जुना जोड होता. तुळशीरामानं त्याला हातही लावला नव्हता. त्यानं त्यावर फेस लावला. फेस फुगला. एक बुडबुडा मोठा झाला, फुटला आणि त्याच जागी दुसरा आला.

"याला तर मी शिवलोसुद्धा नव्हतो," तो म्हणाला.

"फ्रिजचा नट किती पान्यांनी आवळलास?"

तुळशीराम म्हणाला, "एका. मागं जागा नव्हती. दुसऱ्या हातात उजेडाची बॅटरी होती."

वस्ताद गाडीच्या पायरीवर बसले. पुढं ते जे बोलले, तेवढं एका दमात ते आयुष्यात क्वचितच बोलले असतील.

"एका पान्यानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं. हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं. धरलं नाहीस, तर नटाबरोबर नळी फिरते. तू इथं पीळ दिलास, तो तिकडं जाऊन निघाला. नळी एकच आहे, तुळशा. एका टोकाला केलेलं दुसऱ्या टोकाला पोचतं. म्हणून जिथं हात लागला तेवढंच तपासून भागत नाही.

"दुसरं. हा गॅस हवेपेक्षा जड. पाण्यासारखा खाली उतरतो आणि खालीच साचतो. उभ्या माणसाच्या नाकाला तो शेवटी कळतो. तू उभा राहून तपासलंस. शेठ वर पलंगावर झोपणार, त्यांनाही उशिरा कळला असता. त्यानं आधी गाठलं असतं तुला, मग आईला. आपण केलेलं काम बरोबर की चूक, हे सगळ्यात खाली झोपणाऱ्याच्या जागी आडवं होऊन बघायचं असतं. उभ्यानं सगळं ठीकच दिसतं."

तुळशीरामाच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलो, वस्ताद. आईंच्या उशीखाली..."

"आईंचं तुला आत्ता सुचलं, ते बरं झालं. पण तुझी खरी चूक ती नाही. शेठनं तुला मोजलं नाही. ते परके आहेत, चालायचं. पण तूही म्हणालास, माझं काय. ज्याला स्वतःचा जीव मोजता येत नाही, त्याच्या हातचा जोड मी कुणाच्या घरात राहू देणार नाही." मग दुसरीकडे बघत ते म्हणाले, "आणि तू मला परत हवा आहेस."

गॅस बंद करून तुळशीरामानं जुना जोड सोडवला. नुसता आवळला नाही. नळीचं टोक कापून त्यानं नवं तोंड फुलवलं, नवा नट घातला आणि दोन पान्यांनी बसवला. फ्रिजमागचा जोडही त्यानं सोडून पुन्हा केला. या वेळी बॅटरी शेठनं धरली. अंग आत घालून, घाम पुसत, न सांगता. सिलिंडरपासून फ्रिजपर्यंत फेस लागला. कुठंही बुडबुडा आला नाही. मग तुळशीराम आपण होऊन जमिनीवर पडला. बराच वेळ पडून राहिला. उठून म्हणाला, "नाही, वस्ताद."

वस्तादांनी मान हलवली. आपल्या पेटीतला जुना, दांडा झिजलेला पाना काढून त्यांनी तुळशीरामाच्या पिशवीत टाकला. "हा धरायचा," एवढंच म्हणाले. "आणि पहिल्या मुक्कामाला परत बघ. घराची भिंत हलत नाही, या घराची हलते. रस्ता भल्याभल्या जोडांना सैल करतो."

मग त्यांनी रस्त्यापलीकडे हाक मारली, "आई, आता लावा दिवा."

खुर्ची परत आली. निरांजन पेटलं. आईनं गाडीला ओवाळलं आणि शेठला ओवाळलं. मग तुळशीरामाला पुढं बोलावलं आणि त्यालाही ओवाळलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण रस्त्याच्या पलीकडूनही माणसाला पुष्कळ दिसतं.

निघताना तुळशीराम पाया पडायला वाकला, तेव्हा त्याला दिसलं की वस्तादांच्या पाठीला वळकटीचा कापूस आणि धूळ लागली आहे. त्यानं भीतभीत हात लावून ती झटकली. वस्तादांना असलं काही खपत नसे. आज ते पाठ झटकून होईपर्यंत उभे राहिले.

पहिला मुक्काम एका नदीकाठी पडला. ऊन उतरत होतं. गाडी थांबल्यावर तुळशीरामानं ज्योत विझवली, खिडक्या लावल्या आणि तो बाकाच्या पायाशी जमिनीवर आडवा झाला. शेठ दारात उभा होता. चांगला पोटाचा, पांढऱ्या कपड्यांतला माणूस. त्यानं चपला काढल्या आणि कण्हत, गुडघ्यावर हात टेकत तो तुळशीरामाच्या शेजारी आडवा झाला.

"शेठ, तुम्ही कशाला? मी बघतोय की."

"जरा तिकडं सरक," शेठ म्हणाला. "नाक माझंही आहे."

दोघे निमूट श्वास घेत पडून राहिले. वास नदीचा येत होता.