खिरापत ओळखली कोणी?

एका गावात एक मायलेकींची जोडी नव्याने राहायला आली होती. मुलीशी अजून कोणी खेळत नव्हतं. नवरात्र आलं तशी ती म्हणाली, "आई, आपल्या अंगणात भोंडला करू. मग तरी येतील सगळ्या."

आईने दिवसभर राबून दोन खिरापती केल्या. पाटावर हत्ती काढला. मुली आल्या, फेर धरला, गाणी झाली. मग नव्या मुलीने झाकलेला डबा हलवला. "ओळखा खिरापत!"

"लाडू!"

"लाडू असे वाजतात होय? दगडाचे केलेत का?"

आता कुठे रंग भरत होता, तोच सरपंचाच्या मुलीने मोबाइल पुढे केला. त्यात एआय होतं. "परत हलव गं," ती म्हणाली.

एआयने आवाज ऐकला. "गोड की तिखट?" एवढंच विचारलं आणि "तिखट" ऐकताच सांगून टाकलं, "भाजणीची कडबोळी."

झाकण उघडलं. कडबोळीच! मुलींची आ वासलेली तोंडं मिटेनात. आईनेही तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! डब्याच्या आतलं दिसतं की काय याला?"

पण ओळखून झाल्यावर राहिलं काय? हातात कडबोळी घेऊन मुली घराकडे वळल्या. नवी मुलगी डबा धरून तशीच उभी.

आई फाटकात आडवी झाली. "थांबा गं भवान्यांनो! नुसतं सांगायचंच होतं तर मी झाकण कशाला लावलं असतं?"

सरपंचाची मुलगी फणकारली, "काकू, त्याला येतं म्हणून त्याने सांगितलं. त्याची काय चूक?"

"त्याची नाहीच. तू विचारलंस तसं ते बोललं. आत दुसरा डबा आहे. आता त्याला सांग, कळलं तरी गप्प बस आणि आम्हाला ओळखायला लाव."

मुलगी घुटमळली. मघाशी एआयने झटकन ओळखलं, तेव्हा सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या ना! मग नव्या मुलीचे भरलेले डोळे तिला दिसले. तिने एआयला तसं सांगितलं.

दुसरा डबा वाजला. एआय म्हणालं, "कळलं, पण सांगत नाही. उन्हात वाळून आकसली, तेलात पडताच फुलून हसली."

"पापड!"

"पापड्या!"

"नाही. गव्हाच्या चिकातून जन्मली."

जिने आजवर एकही खिरापत ओळखली नव्हती, ती सरपंचाची मुलगीच किंचाळली, "कुरडई!"

आणि मघाशी मोबाइलकडेही कोणी बघितलं नव्हतं, इतक्या नवलाने ती स्वतःकडे बघत राहिली.

दिवेलागण झाली तरी अंगण रिकामं होईना. जाताना सरपंचाच्या मुलीने नव्या मुलीचा हात धरला. "उद्या भोंडला आमच्याकडे. डबा तू हलवायचा."

तात्पर्य: सगळं जाणणारं घरात आलं तर त्याला मान द्या. पण भोंडला असो की गृहपाठ, पोरांचं डोकं त्याच्याकडे गहाण टाकू नका. पोरांचं डोकं चालवायच्या कामाला त्याला लावा.